लिंबाखालचे पाच गोटे

"ह्या मोटरीत काय अडकलंय हो? लय खडखड करायलीय."

राजेश्रीनं मान वर केली नाही. हातात तांब्याची तार होती, आणि मध्येच वर पाहिलं की वेढा हमखास चुकतो.

"अडकलं न्हाई. मीच घातलंय."

"काय?"

"दगड."

आता मात्र तिनं पाहिलं. दारात एक उंच तरुण उभा होता. पायाला हरभऱ्याच्या रानातला चिखल, खांद्यावर जळालेली मोटर, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आपण चुकीच्या दुकानात तर शिरलो नाही ना!

"भिऊ नका, या आत," ती म्हणाली. "दगड डब्यात हायेत, डोक्यात न्हाईत."

राणीसावरगावात मुंजाजीचं मोटर वाइंडिंगचं दुकान सगळ्या शिवाराला माहीत होतं. मुंजाजी तरुणपणी मेंढरांमागं फिरायचा, तेव्हा डोंगरातल्या गारगोट्या लेकीसाठी पटक्यात बांधून आणायचा. राजेश्री त्या पाण्यात बुडवायची. ओल्या गारगोटीत लाल, निळसर, दुधी रेघा उमटायच्या... वाळली की पुन्हा धुरकट! पोर हिरमुसायची. पुढं ती आयटीआय शिकली, बापाचं दुकान सांभाळू लागली, पण ते हिरमुसणं काही गेलं नाही. शेवटी जुन्या कूलरची मोटर आणि रंगाचा रिकामा डबा जुळवून तिनं यंत्र केलं. डब्यात दगड, पाणी आणि घासायची भुकटी. आधी जाड, मग बारीक, शेवटी पिठासारखी. डबा महिना-महिना फिरत राहायचा आणि शेजारणी बोटं मोडत राहायच्या.

तिनं फळीवरची एक गारगोटी त्या तरुणाच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती सदऱ्याला पुसली. पुन्हा पुसली.

"वाळंना गेलाय की हा!"

राजेश्री खळखळून हसली. "आता तो कधीच वाळायचा न्हाई."

त्याचं नाव महारुद्र. व्यंकटराव बागायतदारांचा एकुलता एक. मोटर दुरुस्त होऊन गेली, आठवड्यानं स्टार्टर आला, मग इस्त्री, आणि एक दिवस चांगला धडधाकट पंखा.

"ह्याला काय झालंय?"

"वारा... कमी द्यायलाय."

"एवढ्या थंडीत?"

तो कानापर्यंत लाल झाला. तिनं पंखा ठेवून घेतला. का ठेवून घेतला, हे तिलाही ठाऊक होतं; पण मनातलं सगळंच बोलून दाखवायचं नसतं.

"डब्यात आता कोणते हायेत?" तो रोज विचारायचा.

"सांगत नसतेत. उघडल्यावर बघा."

"उघडायच्या दिवशी यिऊ मी?"

"या की... तुमाला कोण अडवतंय?" ती म्हणाली, आणि डबा एवढा खडखडतो याचं तिला पहिल्यांदाच बरं वाटलं. नाहीतर काळीज ऐकू गेलं असतं.

मग एका दुपारी तो आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं.

"येळवशीला तुमाला आन् मुंजाजीमामाला रानात जेवायला बोलवावं म्हणलो होतो. पण आण्णा आवंदा सणच नको म्हणायलेत. आमचे पाच पांडव कुणीतरी नेले."

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपटं, करतात. तिच्यात पाच गोट्यांना चुना फासून पांडव म्हणून पुजतात आणि मग सगळ्या गोतावळ्याची पंगत बसते. पुष्कळ जण हाताला लागतील ते गोटे मांडतात. महारुद्राच्या आईनं, केवळाबाईनं, मात्र लग्नाच्या वर्षीच पाच गोटे गंगाखेडला गंगेतून, म्हणजे गोदावरीतून, निवडून आणले होते. पूजा झाली की ते बांधावरच्या लिंबाखाली ठेवायची. केवळाबाई चार वर्षांपूर्वी गेली. गोटे तेवढे राहिले होते.

"पावसात चुना धुवून जातोय," महारुद्र म्हणाला. "कुणाला वाटलं असंल, साधेच दगड हायेत."

राजेश्रीच्या हातातली तार सुटली. श्रावणात बापाबरोबर विहिरीवरची मोटर पाहून परतताना, एका लिंबाखालून तिनं पाच गोटे ओच्यात घेतले होते. तिच्या घराला रान नव्हतं की येळवस नव्हती. तिला कुठून कळणार?

मागं डबा फिरत होता. खडखड... खडखड.

"काय झालं हो?"

"काई न्हाई... डोळ्यात भुकटी गेली."

तो गेल्यावर तिनं डबा उघडला. इतके देखणे दगड तिच्या हातून आजवर झाले नव्हते. एकाच्या पोटात तर कुंकवाच्या बोटासारखं लाल वर्तुळ होतं. ती तिथंच बसून रडली. दुसरे पाच गोटे चुना फासून लिंबाखाली ठेवले, तर कुणाला कळणार होतं? आणि खरं सांगितलं तर? मेंढरंवाल्याच्या पोरीनं बागायतदाराचे देव उचलले, असं गाव म्हणेल, म्हणू दे. पण महारुद्र पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही, हे तिला सोसवणार नव्हतं. तरीही खोट्या दगडांवर त्याला हात जोडताना पाहणं... ते त्याहून वाईट होतं.

येळवशीला ती बापाला घेऊन महारुद्राच्या रानात गेली. भावकीच्या आग्रहानं कोपी उभी होती, पण आतली जागा मोकळी. व्यंकटराव बाहेर चुन्याची वाटी घेऊन नुसते बसले होते. राजेश्रीनं त्यांच्यासमोर गाठोडं सोडलं.

"तुमचे पांडव मीच नेले, आण्णा. मला म्हाईत नव्हतं. घासून टाकले... आता पहिल्यासारखे हुणार न्हाईत."

आंबिलीचं मडकं घेऊन येणारा महारुद्र जागीच थांबला.

व्यंकटरावांनी लाल वर्तुळाचा गोटा उचलला. बराच वेळ पाहिला.

"हे... हे गंगंत दिसलं होतं," ते हळू म्हणाले. "पाण्यात. तिनं तवाच हट्ट धरला, हेच न्यायचे म्हणून. घरी आणूस्तोवर वाळले, कायबी दिसंना. मी लय हसलो तिला. मरूस्तोवर म्हणायची, आत हाय हो, तुमालाच दिसंना गेलंय." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "खरं बोलायची बाई."

मग घसा खाकरून त्यांनी एका गोट्याला चुना लावला. गुळगुळीत अंगावरून तो ओघळून गेला. पुन्हा लावला, पुन्हा ओघळला. भावकीत हशा पिकला.

"हे काम आमच्या घरच्या बाईचं असतंय," म्हणत त्यांनी वाटी राजेश्रीपुढं सरकवली. "चार वर्षं मीच रेटायलोय."

"आण्णा!" महारुद्र गोरामोरा झाला. "तिला आधी इचारा तर..."

"मग तू इचार की! धडधाकट पंखा घिऊन किती दिवस हिंडणार?"

मुंजाजी पटक्याच्या टोकाआड हसला. महारुद्रानं मडकं खाली ठेवलं.

"राजेश्री... करशील?"

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. तिनं बापाकडं पाहिलं, मग महारुद्राकडं, आणि वाटी उचलली.

"करीन. पण चुन्यात डिंक घालावा लागंल, मग धरंल," ती म्हणाली. लाल वर्तुळाचा गोटा तिनं बाजूला ठेवला. "आन् ह्याला लावायचा न्हाई. आईचा हाय, दिसू द्या."

तिचं बोलणं संपायच्या आत महारुद्र डिंक आणायला बांधावरच्या बाभळीकडं पळत सुटला होता.