दोन मऊ बोटं

"पोरीच्या हातात असलं वाद्य देऊ नका, ताई. तिचं काय चुकतंय ते तुम्हाला कळायचंच न्हाई."

मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत, वाळत टांगलेल्या भोपळ्यांखाली बसून मुबारकचाचांनी हे सांगितलं, तेव्हा शर्वरी नुसती हसली होती. जुन्या कारागिरांना नव्या वस्तूचं वावडं असायचंच, असं तिला वाटलं. शिवाय गाडी गल्लीच्या तोंडाशी कशीबशी लावलेली होती आणि तिच्या लेकीचा, जुईचा, पोहण्याचा क्लास साडेपाचला होता.

चाचांच्या घरात तीन पिढ्या सतारी आणि तंबोरे बनत आले होते. हल्ली गिटारीही दुरुस्तीला येत. गिटारवाले ज्याला फ्रेट म्हणतात त्याला ते सतारीसारखं पडदे म्हणत. त्यांच्याकडे एक साधी, वापरलेली इलेक्ट्रिक गिटार होती, जांभळट रंगाची. तिचे पडदे त्यांनी घासून सारखे केले होते, नऊ वर्षांच्या मुलीच्या बोटांना जड जाऊ नये म्हणून तारा खाली आणायची तयारीही होती. पण त्यांची एक अट होती. पुढचा महिनाभर दर रविवारी जुईनं गिटार घेऊन दुकानात यायचं, समोर बसून वाजवायचं, आणि चाचा तिची बोटं बघून वाद्यात फरक करणार.

"आमच्यात वाद्य विकून मोकळं होत न्हाईत. हाताला बसवून देतात," ते म्हणाले.

"दर रविवारी नाही हो जमायचं चाचा," शर्वरी म्हणाली.

तिनं तोवर तीन आठवडे अभ्यास केला होता. संख्याशास्त्राची पदवीधर असल्यामुळे तिनं रीतसर तक्ता केला होता: गिटारचं वजन, दांडीची जाडी, तारांची उंची, सोबतचा छोटा स्पीकर, आणि लोकांचे अभिप्राय. मुलीसाठी काहीही घेताना ती अशीच घेई. दप्तराचे पट्टे, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, कशाचीही तपासणी तिच्या हातून चुकायची नाही. जुई चाचांसमोर म्हणालीच, "आईनं गिटारच्या आधी गिटारवाल्यांची परीक्षा घेतलीय. तुम्ही पास झाला नाहीत."

"असू दे बाळ," चाचा म्हणाले, "शाळेतबी झालो न्हवतो."

तक्त्यात पहिली आली होती 'सूरसाथ'; चाचांना तिनं फोनवर दाखवली ती हीच. नव्या शिकाऊंसाठी बनवलेली, हलकी, दिसायला देखणी, आणि साध्या गिटारीपेक्षा स्वस्त. तिच्या पोटात नखाएवढी एक चकती होती, कंपनी तिला 'सुधारक' म्हणे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा हलल्या की खालच्या चुंबकांभोवतीच्या वेटोळ्यांत क्षीण वीज तयार होते आणि तीच स्पीकरमध्ये जाऊन आवाज होते. सुधारक या वाटेवर मध्ये बसलेला होता. बोट चुकीच्या जागी पडलं किंवा तार नीट दाबली गेली नाही, तर वाजवणाऱ्याला कुठला स्वर हवा होता ते तो ओळखायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तोच स्वर पुढे पाठवायचा. शिकाऊ माणूस पहिल्या दोन महिन्यांत कंटाळून गिटार कोपऱ्यात ठेवतो, तसं होऊ नये म्हणून. गिटार स्वस्त होती, कारण लाखो शिकाऊंचं वाजवणं कंपनीकडे जमा होत होतं आणि त्यावर सुधारक अजून हुशार होत होता.

मे महिन्यात गिटार घरी आली. तिसऱ्या दिवशी जुईनं एक अख्खं गाणं वाजवलं. शर्वरीनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हातातला झारा तसाच राहिला. ऑगस्टमध्ये तिनं कंपनीच्या पानावर लांबलचक अभिप्राय लिहिला, पाच तारे दिले. 'माझ्यासारख्या काळजीखोर आयांनो, डोळे मिटून घ्या,' असं त्यात होतं. हजारो लोकांनी तो वाचला. खाली बार्शीच्या एका बाईंनी लिहिलं होतं: 'तुमचं वाचून वडिलांना घेऊन दिली. निवृत्तीनंतर बार्शीला एकटेच असतात. करंगळी साथ देत नाही म्हणतात, तरी गाणं अगदी बिनचूक येतं. कमाल आहे ना!' शर्वरीनं त्यावर बदाम टाकला होता.

डिसेंबरात गिटारची एक खुंटी सैल झाली. कंपनीला कळवलं तर महिनाभर थांबा म्हणाले. मग शर्वरी जरा ओशाळतच जुईला घेऊन पुन्हा त्या गल्लीत गेली.

"या ताई. तीच आणलीय ना?"

"तीच."

"वाजती कशी?"

"मस्त!" जुई म्हणाली. "गॅदरिंगला सगळ्यांनी वन्स मोअर दिला."

"आरं वा. बघू बरं हात."

चाचांनी खुंटीकडे पाहिलंच नाही. जुईचा डावा पंजा तळहातावर घेतला आणि अंगठ्यानं एकेका बोटाचं टोक चाचपलं. पहिल्या दोन बोटांना डाळीच्या दाण्याएवढे घट्टे पडले होते. तारा दाबून पडतात तसे, राकट, पिवळट. तिसरं बोट आणि करंगळी मात्र लोण्यासारखी मऊ.

"किती महिने झाले वाजवून?"

"आठ. रोज वाजवते."

"मग ही दोघं कुठं असतात?"

जुईला हसू आलं. "माझ्याबरोबरच असतात की!"

चाचा हसले नाहीत. जुईनं दुकानातल्या स्पीकरला जोडलेली गिटारची वायर त्यांनी उपसून काढली. "आता वाजव."

"वायरशिवाय आवाज नाही येत, चाचा."

"येतो. बारीक येतो. ताई, तुम्ही कान लावा लाकडाला."

शर्वरी खाली वाकली आणि गिटारच्या थंड अंगावर तिनं कान टेकवला. जुईनं तिची आवडती कॉर्ड धरली, चारही बोटांची, आणि उजवा हात तारांवरून फिरवला. लाकडातून काही तारांचा झंकार आला आणि मग थप्प, थप्प. भिजलेल्या दोरीवर बोट मारावं तसं.

"पुन्हा," चाचा म्हणाले. पुन्हा तेच.

मग त्यांनी वायर जोडली. जुईनं तीच कॉर्ड तशीच धरली आणि दुकान भरून गेलं. सहाही तारा स्वच्छ, गोड, जागच्या जागी. शर्वरी मुलीच्या बोटांकडे बघत होती. तिसरं बोट आणि करंगळी तारेवर नुसती ठेवलेली होती.

"दाब की बाळ. जोर लाव."

"लावतेय, चाचा." जुईच्या कपाळावर आठी पडली. तिनं ओठ दाताखाली धरला. करंगळी थरथरली आणि तिथंच राहिली. "लावतेच आहे." मग ती आईकडे वळली. "आई, म्हणजे इतके दिवस हे मी वाजवत नव्हते?"

शर्वरीला दिवाळी आठवत होती. चकल्या तळताना जुईचा डावा हात कधीतरी गरम झाऱ्याला लागला होता. तास-दीड तासानं शर्वरीला करंगळीवर टरारलेला फोड दिसला, तेव्हा जुई म्हणाली होती, "कधी भाजलं काय माहीत." कोरफड लावता लावता शर्वरी नवऱ्याला कौतुकानं म्हणाली होती, "बघ, आपली लेक किती धीट आहे." डाव्या हातून पेला निसटायचा त्याला ती धांदरटपणा समजली. दप्तर एकाच खांद्याला का, म्हणून रागावलीही होती. एरवी एवढ्या तेवढ्याची नोंद ठेवणारी ती, या तीन गोष्टी तिनं एका ओळीत मांडल्या नव्हत्या. हाताबद्दल तिला शंका यायचं कारणच नव्हतं. त्या हाताची गाणी ती रोज संध्याकाळी ऐकत होती.

आपण सांगितलं होतं, असं चाचा एका शब्दानं म्हणाले नाहीत. "खुंटीचं मी बघतो," ते म्हणाले. "तुम्ही आधी डॉक्टरला दाखवा. आजच."

डॉक्टर बाईंनी जुईला डोळे मिटायला लावले आणि एक गार, एक कोमट अशा दोन नळ्या करंगळीला टेकवल्या. "कुठली गार?" जुईनं बराच विचार केला. "दोन्ही सारख्याच आहेत." स्कॅनमध्ये कारण दिसलं. मानेच्या मणक्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत पाण्याची एक लांबट पोकळी तयार झाली होती, आणि ती आतून हळूहळू फुगत बोटांकडे जाणाऱ्या वाटा दाबत होती.

"ऑपरेशन करून वाढ थांबवता येते," डॉक्टर बाई म्हणाल्या. "गेलेली ताकद किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही. लहान आहे, आशा धरू या. पण एवढ्या दिवसांत घरात काहीच जाणवलं नाही? ही गिटार वाजवते म्हणता. वाजवणाऱ्या मुलांचं तर सगळ्यात आधी लक्षात येतं. सूर बिघडतात ना."

शर्वरीनं कंपनीकडे जुईच्या वाजवण्याची नोंद मागितली. नवव्या दिवशी ती आली. प्रत्येक दिवस, प्रत्येक बोट, सुधारकानं किती वेळा मदत केली त्याचे आकडे. शर्वरीनं आलेख काढला. पहिल्या दोन बोटांची रेघ मेपासून खाली उतरत गेली होती, शिकणाऱ्याची उतरावी तशी. उरलेल्या दोघांची जुलैपर्यंत त्यांच्याबरोबर उतरली, ऑगस्टमध्ये थबकली आणि मग चढू लागली. डिसेंबरात ती दोन बोटं जवळजवळ पूर्णपणे सुधारक वाजवत होता. चार महिने यंत्राला सगळं दिसत होतं. ते एकदाही बोललं नाही, कारण चूक दाखवली की शिकाऊ नाउमेद होतो. कंपनीनं नोंदीसोबत एक ओळ पाठवली होती: 'आमचं उत्पादन हे वाद्य आहे, वैद्यकीय उपकरण नव्हे.'

ते खोटं नव्हतं. शर्वरीला राग त्यांचा आला, त्याहून जास्त त्या दिवशीच्या आपल्या हसण्याचा आला. पहिल्या चार रविवारांत काही दिसलं नसतं, हे तिला आलेखावरून कळत होतं. पण साधी गिटार असती तर ऑगस्टमध्ये घरात बेसूर ऐकू आलं असतं, आणि ती वैतागून का होईना, जुईच्या खोलीत गेली असती.

ऑपरेशन जानेवारीत झालं. मार्चमध्ये मानेचा पट्टा निघाला आणि त्याच रविवारी जुई हट्टानं चाचांच्या दुकानात गेली. जांभळट गिटार अजून विकली गेली नव्हती. चाचांनी तिला सगळ्यात बारीक तारा चढवल्या होत्या, त्याही जवळजवळ पडद्यांना टेकतील इतक्या खाली आणून. जुईनं वायर जोडली, चार बोटं धरली आणि हात फिरवला. पहिल्या तारा वाजल्या, पुढे खर्रर्र असा घाणेरडा आवाज आला.

"शी!" जुई म्हणाली.

"शी तर शी," चाचा म्हणाले. "तुझं हाय ते. परत."

चौथ्यांदा तिसऱ्या बोटाखालची तार किंचित, अगदी किंचित, बोलली. करंगळीखालची गप्पच राहिली. चाचांनी खिशातून पेन्सिल काढून भिंतीवर तारीख लिहिली. "पुढच्या रविवारी या ताई. आता जमंल ना?"

शर्वरीनं मान डोलावली. मग तिला एकदम बार्शीच्या त्या बाई आठवल्या.

घरी येऊन तिनं तो जुना अभिप्राय उघडला. पाच तारे, हजारो वाचक, आणि तिचा तो लाल बदाम. तिनं त्या बाईंना निरोप पाठवला. दोन दिवसांनी दुसरा. आठवडा गेला तरी उत्तर आलं नाही. त्यांचं खातं सप्टेंबरनंतर उघडलंच गेलेलं नव्हतं. नाव म्हणून फक्त 'बार्शीची लेक' होतं. शेवटी शर्वरीनं आपलं जुनं लिखाण सगळं पुसलं आणि त्या जागी नवं लिहिलं. ते अजूनही त्या पानावर आहे:

'इथं आधी मी डोळे मिटून घ्या असं लिहिलं होतं. ते चुकलं. तुमच्या घरात ही गिटार असेल तर आज वायर काढा, लाकडाला कान लावा आणि वाजवायला सांगा. मग बोटांची टोकं हातानं चाचपून बघा.

आणि एक विनंती. बार्शीत एक निवृत्त गृहस्थ एकटे राहतात. नाव मला माहीत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांची करंगळी साथ देत नव्हती, आणि माझं वाचून लेकीनं त्यांना ही गिटार दिली. करंगळीला साधं काही झालं असेल, किंवा नसेलही. तुम्ही बार्शीत राहत असाल आणि संध्याकाळी शेजारच्या एखाद्या घरातून गिटार ऐकू येत असेल, अगदी बिनचूक, एकही सूर न चुकता, तर दार वाजवून त्यांचा हात बघून याल का?'