केसपेपर क्रमांक दोनशे बारा

नोटीस तीनदा परत आली, तेव्हा साहेबांनी ती माझ्याच हातात ठेवली. डॉक्टरला गाठा, समोर सही घ्या. एकोणीस दिवस विनापरवाना गैरहजर आहे, आता बडतर्फीच. मी आस्थापना शाखेतली कारकून. नोटिशीतला शब्द न् शब्द माझा होता, आणि खरं सांगते, मला त्याचा तोराही होता.

डॉक्टर त्याच्या दवाखान्यात नव्हताच. परतताना चढावर बस बिघडली, उतरताना पत्र्याची कड लागली आणि माझी पोटरी चिरली. लोकांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. बाकांवर, जमिनीवर, पायऱ्यांवर तापाचे रोगी... आणि त्या सगळ्यांत दाढी वाढलेला, डोळ्यांत झोप साठलेला एक उंच माणूस.

“कोणावर तरी रागवा,” सुई हातात घेत तो म्हणाला, “म्हणजे दुखणार नाही.”

राग तयारच होता. पळपुट्या डॉक्टरची सगळी कुंडली मी मांडली. तो टाके घालत राहिला, मधूनच “अस्सं?” म्हणत राहिला. शेवटची गाठ मारून त्याने हात पुसले.

“द्या नोटीस. तो मीच.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग सगळं कळलं. इथला डॉक्टर नोकरी सोडून गेलेला, गावात तापाची साथ. वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, तिकडे जा, आणि हा निघाला. कागद मागायचं सुचलंच नाही. आता वरिष्ठांना तो फोन आठवत नव्हता.

“तोंडी आदेशावर कोणी जातं का हो?” मी चिडून विचारलं.

“ताप कागदाची वाट बघतो का?” सही करत तो हसला. “आठव्या दिवशी टाके काढायचे. तोवर मी डॉक्टर असलो, तर मीच काढीन.”

ते आठ दिवस! टंकलेखनात चुका, चहात साखर दोनदा. आठव्या दिवशी तो नोटिशीचं उत्तर घेऊन आला, आणि फायलींच्या कपाटाआड, आमच्या हेडक्लार्क बाईंच्या पहाऱ्यात, टाके निघाले. पाय बरा झाला, बाई म्हणाल्या, पण चेहरा तापलेला दिसतोय, तो कोण बघणार? तो खाली बघत कात्री पुसत राहिला. कितीतरी वेळ.

चौकशीच्या दिवशी मी फाईल घेऊन बसले होते; त्या गावच्या दवाखान्यातली केसपेपरांची वही समोर आली. असल्या वह्या एका रात्रीत लिहून होतात, चौकशी अधिकारी मॅडम शांतपणे म्हणाल्या. मी उठले. टाके घातले त्या दिवशी घरी नेलेला माझा केसपेपर टेबलावर ठेवला. क्रमांक दोनशे बारा. वहीतही माझं नाव दोनशे बारावरच होतं; वही नंतर लिहिली असती, तर त्या दिवशीच माझा क्रमांक दोनशे बारा कसा?

मॅडमनी दोन्ही कागद निरखले.

“हे ग्राह्य धरलं तर डॉक्टरांची नोकरी वाचते. म्हणून विचारते, तुमचं यांच्याशी काही नातं?”

हो म्हणावं, तर माझ्या कागदाची किंमत शून्य. नाही म्हणावं, तर – ते खरं होतं का?

“त्या दिवशी नव्हतं, मॅडम.”

“आणि आज?”

“आज... माझ्या बाजूने आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.”

लघुलेखकाची पेन्सिल थांबली. माझ्या उजवीकडे एक खुर्ची करकरली. तिकडे बघायची माझी छाती झाली नाही.

“त्या दिवशीचंच लिहून घ्या,” मॅडम म्हणाल्या, आणि कोरड्या आवाजात निकाल सांगितला. नोकरी कायम, लेखी आदेशाविना जागा सोडल्याबद्दल ताकीद. “डॉक्टर, काही म्हणायचंय?”

“म्हणायचंय. पण यांना.”

मॅडमनी चष्मा काढला आणि आम्हा दोघांना दार दाखवलं.

व्हरांड्यात उन्हाची तिरीप होती. तो भिंतीला टेकून उभा राहिला, मी फाईल छातीशी धरून.

“माझ्या बाजूने तर पहिल्या दिवसापासून आहे,” तो हळूच म्हणाला.

“मग गप्प का होतात इतके दिवस?”

“नोकरीचं काय होतंय, तेच कळत नव्हतं. कोणत्या तोंडाने विचारणार?”

“आणि आज ती गेली असती तर?”

तो गडबडला. “तर... नसतं विचारलं.”

“वाटलंच,” मी म्हणाले. “म्हणून तर मी आधी सांगून टाकलं.”