जमुनाबाईचं विरजण

अकोल्याहून अंजनगाव सुर्जीला निघालेली एसटी अकोटजवळच्या खड्ड्यात अशी आदळली, की पुढच्या म्हाताऱ्याची कवळी उडून मागच्याच्या पिशवीत जाऊन पडली म्हणतात. कवळीचं सोडा, श्रावणच्या डब्यातलं तेल दामिनीच्या ओढणीवर सांडलं, हे मात्र सोळा आणे खरं.

तिनं ओढणी नाकाशी नेली. "जवस… लाकडी घाण्याचं?"

श्रावण शिव्या खायच्या तयारीत होता. "मॅडम, तुमी भांडणार नाई का?"

"वास तर घेऊ द्या आधी. अंजनगाव अजून लांब हाय."

"मंग हळूहळू भांडा. मले घाई नाई."

दामिनी अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत दह्यातले जंतू वाढवायची, पोटाला चांगले असतात ते. कोणत्या तेलातली मेदाम्लं त्यांना मानवतात आणि कोणती नाहीत, हा तिचा अभ्यास. श्रावणचा अंजनगावात तेलघाणा. मग काय, दर सोमवारी नमुन्याचं तेल येऊ लागलं, मागितलेलं आणि न मागितलेलंही. एकदा सोबत दही आलं.

काय ते दही! मडकं उलटं धरा, हलणार नाही. त्याच्यावर मांजर झोपून उठलं तरी पावलाचा ठसा उमटायचा नाही. श्रावणच्या आईला, जमुनाबाईला, जाऊन दीड वर्ष झालं होतं. पण तिनं लावलेलं विरजण तो एक दिवस न चुकता पुढे चालवत होता.

"आईच्या हातचं एवढंच राह्यलं हाय," तो म्हणाला.

दामिनीनं त्यातला एक जंतू निवडून बाटलीत जपून ठेवला.

"त्याले खायले काय देता?"

"थोडं तेल. त्यातल्या मेदाम्लानं काही जंतू जोमानं वाढतात."

"आन् माह्या घाण्याचं दिलं तर?"

"उड्या मारत खातील!" ती हसली.

हसण्यात एक गोष्ट राहून गेली… हात जड पडला तर तेच मेदाम्ल जंतूंना मारतं. त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं की तिचं अर्धं शास्त्र नेहमीच राहून जायचं.

घाणेवाल्याचा हात तो. थेंब त्याला ठाऊकच नाही. लाडानं रोज पळीभर जवसाचं तेल विरजणात पडू लागलं. दही पातळ झालं, मग कडवट. नवव्या दिवशी दूध दूधच राहिलं.

सोमवारी तो रिकाम्या हातानं आला. "दामिनी… आई दुसऱ्यांदा गेली."

'मॅडम' गळून पडलं होतं. किती दिवस वाट पाहिली होती तिनं त्याच्या तोंडून आपल्या नुसत्या नावाची! आणि आलं ते असं.

दूर हरियाणात, कर्नालच्या दूध-संशोधन संस्थेतल्या तीन वर्षांच्या कामाचं बोलावणं तिच्या हातात होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी ती बाटलीतल्या जंतूनं लावलेलं दही घेऊन अंजनगावला गेली. श्रावणनं पहिला चमचा आईच्या फोटोपुढे ठेवला, दुसरा तोंडात. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच.

"तेच हाय," तो म्हणाला. "आईचंच."

दामिनीनं सकाळीच चाखलं होतं. जमुनाबाईच्या मडक्यात जंतूंचं अख्खं गाव नांदत होतं. तिनं त्यातला एकच जपला होता. दही छान लागलं होतं, पण ती चव नव्हती.

"खरं सांग, श्रावण."

"खरंच सांगून राहिलो. तू गाडीत रडू नको… म्हंजे, आता रडायचं काई कारण नाई. निवांत जाय."

खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. तिनं ते पाहिले. 'मी राहते' हे शब्द ओठांपर्यंत आले…

"रोज लावशील?"

"रोज."

"तेल?"

"थेंब नाई."

एसटीत ती चांदूरचा फाटा येईपर्यंत… छे, चांदूर त्या वाटेवर नाहीच. पण रडली ती तेवढी लांब.

तीन वर्षांचं काम होतं. आता पाचवं सुरू आहे. श्रावणचं दही अजून रोज लागतं. तेलाला आलेलं एखादं जुनं गिऱ्हाईक वाटीभर खातं आणि विचारतं, "जमुनाबाईचंच ना हे?"

तेव्हा मात्र तो खरं बोलतो.

"नाई जी. दामिनीचं हाय."