थांब्याथांब्यावर आजारी पडणारी जीप

"सोमवारी जीप जप्त होणार! आणि काका ओसरीवर निवांत पपई कापतायत!"

मुकुल एवढ्या जोरात ओरडला की अंगणातली कोंबडी जीपखाली शिरली. पेमा जीपच्या टपावर बसून चिंचा खात होती. ती खाली उतरली नाही, पण तिचं खाणं थांबलं. पेमाचं खाणं थांबणं ही गंभीर गोष्ट आहे, हे जाईला पहिल्या सुट्टीपासून माहीत होतं.

"जप्त म्हणजे?" पेमाने विचारलं.

"म्हणजे घेऊन जाणार. सरकार," मुकुल म्हणाला. तो दहा वर्षांचा होता आणि सरकार म्हणजे एक जाडा माणूस असतो अशी त्याची समजूत होती.

जाई आणि मुकुल परभणीहून उन्हाळ्याच्या सुट्टीला काकांकडे आले होते. विष्णुपंतकाका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. हिंगोली जिल्हा होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि काकांची जीप जिल्ह्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी होती. जन्मापासून ती प्रवासी वाहून न्यायची, म्हणून तिची नंबरपाटी पिवळी. काकांनी ती घरच्या वापरासाठी विकत घेतली, कारण नाल्यापलीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात दुसरं काही चालतच नसे. बैलगाडी रुतायची, ट्रॅक्टर रुतायचा, एकदा तर ट्रॅक्टर काढायला आलेला ट्रॅक्टरही रुतला. ही जीप मात्र चारी चाकं फिरवत, चिखल उडवत, म्हशीसारखी बाहेर यायची.

कागदोपत्री ती खाजगी करून पाटी पांढरी करायची होती. पण तीस वर्षं लोकांचे कागद पुढे सरकवणाऱ्या काकांना स्वतःचा कागद सरकवायला सवड मिळत नव्हती.

आणि पाटी पिवळी म्हणजे जीप सगळ्यांची, हे साऱ्या मुलखाला ठाऊक! एकदा काका पान घेऊन परत येतात तो जीपमध्ये अख्खं वऱ्हाड बसलेलं, आणि नवरदेव म्हणतोय, "डायवर, चला की! मुहूर्त टळायलाय!" काकांनी त्यांना पोचवलं. जेवूनही आले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी पुढच्या दारावर ठळक अक्षरांत रंगवून घेतलं : 'खाजगी वाहन. बसू नये.'

"मी कुणाकडून एक पैसा भाडं घेतलेलं नाही!" ओसरीवर काका परिवहन कचेरीचं पत्र हलवत म्हणत होते. "आणि हे म्हणतात, विनापरवाना प्रवासी वाहतूक! तथ्य आढळल्यास वाहन जप्त! माझ्या जीपमध्ये कुणी बसलं असतं, तर मला कळलं नसतं का?"

"तुम्हाला परवा चष्मा डोळ्यावर असून सापडत नव्हता," सरलाकाकू म्हणाल्या. "सोमवारची वाट कशाला बघता? विकून टाका ती. दर आठवड्याला नवा बिघाड! त्या रामप्रसाद मिस्त्रीच्या घराचा मजला आपल्या जीपवर चढलाय."

टपावरून पेमा हळूच म्हणाली, "जाई, जीप गेली तर माझी शाळा गेली बघ."

जाईला ते माहीत होतं. पेमा नाल्यापलीकडच्या तांड्यावर राहायची. नुकतीच सातवी पास झाली होती, पहिल्या नंबराने. आठवीचा वर्ग जवळा बाजारला. तिचे वडील नेमसिंग म्हणाले होते, "पावसाळ्यात चार महिने वाट बंद ऱ्हाते. पोरीला धाडू कशी?" तेव्हा काकांनी शब्द दिला होता, "चिखलाचे दिवस माझ्याकडे. जीप आहे ना!"

जीप आहे ना. सोमवारपर्यंत.

"काका," जाईने विचारलं, "बिघाड नेमका काय आहे?"

काकांनी पपई बाजूला ठेवली आणि अभिमानाने एक जाडजूड वही आणली. वर लिहिलं होतं : 'बिघाड नोंदवही'. कारकून निवृत्त झाला तरी त्याची वही निवृत्त होत नाही! जाई वाचू लागली.

'वडाजवळ पत्र्यात एकदा ढब्. थांबून बोनेट उघडले. दोष नाही. बोनेट लावताच मागून दोनदा ढब् ढब्. नंतर सुरळीत.'

'तांड्याचा फाटा. एकदा ढब्. बोनेट उघडले. दोष नाही. नंतर ढब् ढब्. सुरळीत.'

'नाल्याअलीकडे. ढब्. दोष नाही. ढब् ढब्.'

"पाटे बदलले, बुश बदलले, सायलेन्सर बदलला," काका म्हणाले. "आता नियमच केलाय. एकदा वाजलं तर थांबून बघायचं. सारखं वाजायला लागलं तर कुठेही न थांबता थेट रामप्रसादकडे!"

जाईने पानं उलटली. मग पुन्हा उलटली. मग वही घेऊन ती जीपजवळ धावली.

"पेमा! हा बिघाड फक्त बाजाराच्या दिवशी होतो. आणि दर वेळी त्याच तीन ठिकाणी!"

"म्हंजे जीप थांबे घेऊन राहिली?" पेमा म्हणाली. "वड, फाटा, नाला... हे तर काळी-पिवळीचे थांबे हायेत! तिथं लोक पत्र्यावर एक थाप मारतेत, की डायवर थांबतो. दोन मारल्या की निघतो."

तिघंही धावत ओसरीवर गेली.

"काका, तुमच्या जीपमध्ये मागे माणसं बसतात!"

काका खो खो हसले. "अरे, मागे माणसं बसली असती तर बिघाड कसा झाला असता?"

मुकुलने कपाळावर हात मारला.

खरं तर काकांना दिसणार तरी कसं? धूळ येते म्हणून काकूंनी पुढच्या आणि मागच्या भागाच्या मध्ये जाड ताडपत्रीचा पडदा शिवला होता. आरसा आत वळून बसला होता, त्यात काकांना फक्त स्वतःची मिशी दिसायची. आणि इंजिन असं गरजायचं की शेजारी बसलेल्यालाही खुणेने बोलावं लागे.

दुसऱ्याच दिवशी बाजार होता. "आम्हीपण येतो," मुलं म्हणाली. जवळा बाजारला जीप नेहमीच्या लिंबाखाली उभी राहिली, अगदी जीपस्टँडच्या मागे. काका पिशव्या घेऊन गेले. मुलं रसवंतीकडे जातो म्हणाली आणि वळसा घालून मागून जीपमध्ये शिरली. जाई आणि पेमा बाकांखाली. मुकुल सरकीच्या रिकाम्या पोत्यात.

"मला पोत्यातून शिंक येतेय."

"शिंकलास तर तिथंच बांधून ठेवीन!" पेमा म्हणाली.

थोड्या वेळात पावलं वाजली. चपला आत चढू लागल्या. मग एक टोपली, दोन कोयते, एक शेळी. आणि बाहेरून एक गोड आवाज :

"चला, चला, वड-फाटा-नाला! भाडं आधीच द्या! डायवर लई तापट हाय, त्याच्याशी एक शब्द बोलायचा न्हाई! एक थाप मारा, थांबंल. उतरा, दोन मारा, जाईल!"

"मुंजाजी!" पेमा कुजबुजली. मुंजाजी स्टँडवरचा एजंट. जीप भरून द्यायची आणि ड्रायव्हरकडून कमिशन घ्यायचं, हा त्याचा धंदा. पण इथे ड्रायव्हरला पत्ताच नव्हता, म्हणजे सगळं भाडं मुंजाजीचं!

तेवढ्यात कुणीतरी धपकन मुकुलवर बसलं.

"अगं बाई! हे पोतं कण्हायलंय!"

तो आवाज ऐकून पेमाने बाकाखालून डोकं काढलं. "आजी! तू?"

पोत्यावर पेमाची आजी भिकाबाई बसली होती. "काहून गं, तू बाकाखाली काय करून राहिली? मी तर दर बाजाराला ह्याच जीपनं येते. लई गुणी डायवर हाय. एका शब्दानं बोलत न्हाई. उतरताना तर बोनेट उघडून मान खाली घालतो, बाईमाणसाकडं बघत बी न्हाई!"

मुकुल पोत्यातून म्हणाला, "आजी, माझ्यावरून उठा!"

जाईने कुजबुजत भराभर सगळं सांगितलं : पत्र, जप्ती, पेमाची शाळा. भिकाबाईचा चेहरा लाल झाला. "मुडद्यानं आमचं भाडं खाल्लं अन् वर माझ्या नातीची शाळा बुडवून राहिला व्हय?" तिने कमरेचा विळा चाचपला.

"विळा नको, आजी," जाई म्हणाली. "आम्हाला तो जिवंत हवाय. आणि जीपमध्ये हवाय."

ते सोपं होतं. जीपस्टँडचा रिवाजच तसा! रिकाम्या जागा दिसल्या की गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून गाडी भरत आल्यासारखी दाखवायला एजंट स्वतःच शेवटच्या जागेवर प्रवासी होऊन बसतो आणि गाडी हलली की टुणकन उडी मारतो.

मुंजाजीही बसला. पाय बाहेर, तोंडात तंबाखू, गळ्यात अडकवलेली भाड्याची चामडी पिशवी बाकाच्या कडेला. बाकाखालून पेमाचा हात आला. पिशवीचा पट्टा बाकाच्या लोखंडी नळीला एक वेढा, दोन वेढे...

"ही कसली गाठ?" जाईने कानात विचारलं.

"आजोबाची. उधळलेल्या बैलाची. जितकी ओढंल तितकी घट्ट."

काका आले. पुढे चढले. इंजिन गरजलं. जीप हलली. मुंजाजीने उडी मारायला अंग पुढे टाकलं आणि परत आपटून आत बसला. पुन्हा प्रयत्न. पुन्हा आत! उतरायचं म्हणजे पिशवी सोडून द्यायची, आणि मुंजाजीने आयुष्यात आजवर फक्त एकच गोष्ट सोडली होती, ती म्हणजे शाळा.

"थांबवा! ओ डायवर!" त्याने पत्र्यावर थाप मारली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी! ढब् ढब् ढब् ढब्! शेळी ओरडली. मुकुलनेही पोत्यातून हात काढून जोर लावला. भिकाबाईने कोयत्याच्या मुठीने ठेका धरला.

पुढे काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "सारखं वाजतंय! गेली, गेली!" नियम म्हणजे नियम. त्यांनी वेशीपाशी जीप गर्रकन वळवली आणि बाजाराच्या मधोमध रामप्रसादच्या गॅरेजसमोर आणून उभी केली. स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर धावत आले.

"रामप्रसाद! बोनेट उघड!"

रामप्रसाद मिस्त्री हातातला पाना घेऊन नेहमीसारखा पुढे निघाला. पण थाप अजून वाजतच होती. म्हणून, दोन वर्षांत पहिल्यांदाच, तो मागे गेला. वाकून बघितलं. आत सात माणसं, एक शेळी, एक चालतं पोतं, बाकाखाली दोन पोरी आणि नळीला बांधलेला मुंजाजी.

रामप्रसादने शांतपणे पाना खाली ठेवला.

"पंत," तो म्हणाला, "बिघाड सापडला."

पुढे फार वेळ लागला नाही. प्रवाशांनी बोट मुंजाजीकडे केलं. ड्रायव्हर शंकरसिंग पुढे आला आणि खाली बघत म्हणाला, "पंत, तक्रार मीच केली होती. आमची गिऱ्हाइकं तुमच्या जीपमधून उतरताना दर बाजाराला बघायचो. वाटलं, म्हातारपणी तुमची नियत फिरली! आता मीच येतो सोमवारी, खरं सांगतो." पेमाची गाठ मात्र कुणालाच सुटेना. तिने स्वतः येऊन एका बोटाने सोडली, तीही भाड्याची पिशवी प्रवाशांच्या स्वाधीन झाल्यावर.

सोमवारी परिवहन कचेरीतल्या साहेबांनी शंकरसिंगचं ऐकलं, मग बिघाड नोंदवही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. वाचताना त्यांनी दोनदा पाणी मागवलं, एकदा डोळे पुसले. "विष्णुपंत, इतका प्रामाणिक पुरावा स्वतःविरुद्ध कुणी आजवर लिहिला नसेल," ते म्हणाले. "जीप घेऊन जा. पण खाजगी करायचा अर्ज इथंच, आत्ता, माझ्यासमोर भरा!"

"पोरांनी डोकं चालवलं म्हणून," घरी काकू म्हणाल्या. "या घरात कुणीतरी चालवायलाच हवं होतं!" आणि विकायची गोष्ट पुन्हा काढली नाही. नेमसिंगांनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि ते एवढंच म्हणाले, "गाठ बराबर मारली, पोरी."

जून संपता संपता पेमाचं पत्र परभणीला आलं. जाईने ते मुकुलला मोठ्याने वाचून दाखवलं :

'पाटी पांढरी झाली. चिखल बोनेटपर्यंत आहे, तरी मी एक दिवसही शाळा बुडवली नाही. मी पुढे बसते. काल बाजार होता. फाट्यावर मागून एक थाप आली. काका थांबले, खाली उतरले आणि सवयीने बोनेट उघडून आत बघत राहिले. मी मागे जाऊन पाहिलं तर आजी उतरत होती. म्हणाली, पाटीचा रंग बदलला म्हणून काय झालं, डायवर तोच हाय ना! मग तिने दोन थापा मारल्या आणि आम्ही निघालो. काकांनी वहीत लिहिलंय : दोष सापडला. भिकाबाई, वय बहात्तर. दुरुस्ती अशक्य.'