अठरा फिके कागद

"मॅडम, मी आकडे बनवले नाहीत. पण आज चार वाजता माझी पीएच.डी. बंद करणारेत."

एवढं बोलून अपेक्षा साळवे ढसाढसा रडली. गारखेड्यातल्या आपल्या छोट्या कचेरीत खासगी तपासनीस मंजुषा खरात यांनी तिला पोटभर रडू दिलं. त्यांचे मदतनीस, निवृत्त हवालदार सोमनाथ ढवळे, वहीत "आकडे" एवढाच शब्द लिहून अडले होते.

अपेक्षा मुकुंदवाडीची. घरातून विद्यापीठाची पायरी चढलेली पहिलीच. विषय, उपग्रहावरून समुद्रातलं हरितद्रव्य मोजणं.

"समुद्र चारशे किलोमीटर लांब, अन् मोजायचा इथं बसून?" सोमनाथ म्हणाले.

"उपग्रह पाण्याचा रंग बघतो, काका. समुद्रात बारीक हिरवी शेवाळं वाढली की ती निळा उजेड खातात. निळा कमी आणि हिरवा जास्त दिसला, की हरितद्रव्य जास्त. पण माझं सूत्र बरोबर आहे का, हे खऱ्या पाण्यावर तपासावं लागतं."

म्हणून मार्चमध्ये, उपग्रह डोक्यावरून जायच्या दिवशीच ती रत्नागिरीहून होडीनं समुद्रात गेली होती. चोवीस ठिकाणचं पाणी चोवीस गोल कागदांतून गाळलं. शेवाळं कागदावर राहिली. एकेक कागद फॉइलमध्ये गुंडाळून, बर्फात घालून तिनं इथं आणला आणि विभागाच्या फ्रीजरमध्ये ठेवला. सहा कागद लगेच मोजले. आकडे उपग्रहाशी तंतोतंत जुळले. मग तिला टायफॉइड झाला. उरलेले अठरा कागद महिन्याभरानं तिच्याच विभागातल्या सुयशनं मोजले, तर हरितद्रव्य पाव हिस्साही निघेना.

"म्हणून आमच्या विभागप्रमुख बाई म्हणतात, पहिले सहा आकडे मी खोटे लिहिले."

"चला," मंजुषाबाई उठल्या. "चार वाजायला वेळ आहे अजून."

विभागप्रमुख डॉ. रत्नमाला तौर यांनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही.

"फ्रीजरला कुलूप असतं?" मंजुषाबाईंनी उभ्यानंच विचारलं.

"नाही. पण समुद्राचे कागद कोण चोरणार? एप्रिलच्या पहिल्या रविवारी दिवसभर लाइट नव्हती, तेवढंच. सोमवारी फ्रीजर पुन्हा गार होता."

सुयश मुळे हा विद्यार्थी भेटला तो रागातच. पुढच्या होडीवर अपेक्षाची जागा आता त्याला मिळणार होती, आणि सोमनाथांनी ते आल्या आल्या त्याला ऐकवलं होतं.

"तिचं काम मी केलं आणि चोर मीच? ही वही बघा!"

वहीत प्रत्येक कागदासमोर दोन आकडे होते. बावन्न आणि एकोणपन्नास. सत्तेचाळीस आणि पंचेचाळीस. अठराच्या अठरा असेच.

"दोनदा का मोजलंस?" मंजुषाबाईंनी विचारलं.

"पद्धतच आहे. आधी नुसतं, मग आम्लाचे थेंब टाकून. ताजं हरितद्रव्य असेल तर आम्लानं आकडा निम्म्यावर येतो. दोन्ही संगणकात भरायचे, उत्तर तो देतो. मी उत्तर तेवढं बघितलं."

"कागद कसे होते?"

"कडक, जरा वाकलेले. फॉइल मात्र झकास. कडेला छान मुरड घातलेली."

"अपेक्षा, तू मुरड घालतेस?"

"मी? मला करंजी येत नाही म्हणून आई रोज डोकं खाते! मी फॉइल नुसती दुमडते."

राहिल्या सरूबाई. पडेगावच्या, बारा वर्षं विभागाची झाडलोट करणाऱ्या, रविवारीसुद्धा येणाऱ्या.

"त्या कागदांना कुणी हात लावला?" सोमनाथांनी हवालदारी आवाज लावला.

"म्या चोर नाय, सायेब! इथली टाचणी घरी नेली नाय कधी." पदर डोळ्याला लावत त्या अपेक्षाकडं वळल्या. "ताईचं काय व्हईल वो?"

मंजुषाबाई त्यांच्यामागं गच्चीवर गेल्या. पांढऱ्या धोतरावर कुरडया वाळत होत्या.

"एवढ्या?"

"घरी पत्रा हाय, तिथं कुठं वाळवू? उन्हाळाभर इथंच घालते. मॅडमची परवानगी हाय."

खाली येताना सोमनाथ कुजबुजले, "सुयशच बघा. त्यानं कागद बदलले."

"मग त्यानं ती वही तुमच्या हातात दिली असती, ढवळे?"



चार वाजता डॉ. तौरांच्या टेबलावर पत्र तयार होतं. अपेक्षा खुर्चीच्या टोकावर बसली होती. सुयश भिंतीला टेकून उभा होता आणि सरूबाई दारात.

"मॅडम, सही करायच्या आधी दुसरा रकाना बघा," मंजुषाबाई म्हणाल्या. "समुद्रात हरितद्रव्य मुळातच कमी असतं, तर पहिला आकडा लहान आला असता, पण आम्लानंतर तो निम्मा झाला असता. कुणी दुसऱ्या पाण्याचे कागद ठेवले असते तरी तसंच. इथं आम्ल टाकूनही आकडा जागचा हलत नाही. म्हणजे हरितद्रव्य होतं, पण ते मोजायच्या आधीच मेलं."

डॉ. तौरांनी वही ओढून घेतली.

"ते मरतं उन्हानं आणि उष्णतेनं. फ्रीजरमधला कागद ओलसर, मऊ असतो. हे कडक आणि वाकडे झाले होते, म्हणजे कुणीतरी वाळवले. नंतर पुन्हा गुंडाळले, आणि गुंडाळणाऱ्याचा हात करंजीला सरावलेला होता. लाइट गेली रविवारी. रविवारी इथं कोण येतं? गच्चीवर वाळवण कुणाचं असतं?"

सगळे दाराकडं वळले.

"सरूबाई, तुम्ही काही चोरलं नाही," मंजुषाबाई हळू म्हणाल्या. "तुम्ही ते कागद वाचवायला गेलात ना?"

"व्हय वो!" सरूबाईंचा बांध फुटला. "बरफ पार इतळला व्हता, खाली पाण्याचं तळं. ताई म्हणली व्हती, मावशी, हे कागद जिवापाड जपा. वल्लं ऱ्हायलं की बुरशी येती, म्हून कुरडयांसंगं वाळू घातले. एकाचा कागद दुसऱ्याच्या चांदीत जाऊ दिला नाय. तुम्ही समदे चोरीचं बोलाय लागलात, मला वाटलं येगळंच काय झालं!" त्या मटकन खाली बसल्या. "माय माय, म्याच लेकराचं वाटोळं केलं की!"

अपेक्षा धावली. तिनं सरूबाईंना मिठी मारली, आणि हसावं की रडावं हे न कळून दोन्ही एकदम करू लागली.

"वाटोळं नाही, मावशी. अहो, मी सुटले!"

डॉ. तौरांनी वहीतले दोन्ही रकाने पुन्हा ताडून बघितले. मग त्यांनी पत्र फाडलं.

"साळवे, मी तुला खोटारडी म्हणाले. माफ कर. तुझे सहा आकडे धरायचे. हे अठरा बाद, पण ते का बाद झाले ते प्रबंधात लिही. आणि सरूबाई, उठा. तुमची नोकरी कुठं जात नाही. फ्रीजरला बॅटरी मी लावायला हवी होती."

"नोव्हेंबरच्या होडीवर तूच जा," सुयश पुटपुटला. "मी दुसरा रकाना बघायला हवा होता."

सोमनाथांनी खणखणीत नाक शिंकरलं आणि धूळ फार आहे इथं, असं उगाचच सगळ्यांना सांगितलं.

व्हरांड्यात येऊन अपेक्षानं घरी फोन लावला.

"आई, काढलं नाही मला. मी खरी ठरले."

पलीकडं बराच वेळ नुसते हुंदके ऐकू आले.

"तू खरी हायेस हे मला ठावं व्हतं, बाळा," आई अखेर म्हणाली. "आता त्यान्लाबी कळलं."