भिवाजीची तिसरी हाक

बेला गावात चहाच्या टपरीवर दोन माणसं हमरीतुमरीवर आलेली दिसली की खुशाल समजावं, विषय भिवाजीच्या शेवटच्या गाण्याचा आहे. भिवाजी अँड पार्टी म्हणजे या सीमेवरच्या गावांचा जीव की प्राण. ज्या लग्नात हा बँड नाही, ते लग्न लोक लागलंच असं मानत नसत. भिवाजीची एक खोड होती. शेवटच्या कडव्याआधी तो आपल्या माणसांना नावानं हाक मारायचा आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं आपल्या वाद्यानंच ओ द्यायची. बाबारावांनी क्लॅरनेटनं, यशवंतरावांनी ताशानं आणि खुशालकाकांनी ढोलकीनं.

शेवटचं गाणं खुशालकाकांच्याच घरी मोबाईलवर भरलं होतं, कापसाच्या खोलीत. वेचून आणलेला कापूस आढ्यापर्यंत रचला की तिथं आवाज घुमत नाही. एरवी काकांच्या पत्नी बयनाकाकू त्या ढिगावर कुणाला टेकू देत नसत, कापूस म्हणजे लक्ष्मी. भिवाजीच्या पार्टीला तेवढी मुभा होती. त्या दिवशी काका मात्र कापसाची गाडी घेऊन आदिलाबादच्या मार्केटात अडकले. भिवाजीनं बाबारावांना हाक मारली, क्लॅरनेट बोलली. यशवंतरावांना मारली, ताशा बोलला. मग 'खुशाल...' म्हणाला, आणि पुढे कडव्यापर्यंत नुसती शांतता. हप्ता उलटायच्या आत भिवाजी गेला.

"ते गाण्यातलं भोक आहे," खुशालकाकांचा पुतण्या रविकांत टपरीवर सांगायचा. "बाकी गानं सोनं. तेवढी ढोलकी पाहिजे होती."

"भोक नाय, जीव आहे तो गान्याचा," टपरीवाला पंढरी किटली आपटायचा. "'वाट झाली पांढरी, ये गड्या आता.' कोनती वाट, सांग बरं?"

"मार्केटाची. गाड्यायतून कापूस सांडते, वाट पांढरी होते."

"मंग तो असा थंडा काऊन गाते? ते तिकडची वाट आहे, रवी. तो बोलवून राह्यला."

पंढरीच्या म्हणण्याला पुढं बळच आलं. बाबाराव नेरडीगोंड्यापाशी हायवेवर अपघातात गेले. धडधाकट यशवंतराव झोपेतून उठलेच नाहीत. "ज्यानं ज्यानं ओ देल्ली, तो गेला," एवढंच बयनाकाकू म्हणाल्या आणि ढोलकी माळ्यावर टाकून दिली. रविकांत हसला. शिकल्यासवरल्या माणसानं हसायचंच असतं.

भिवाजीचं वर्षश्राद्ध जवळ आलं तसं रविकांतच्या डोक्यात शिरलं की काकांची ढोलकी त्या जागी भरायची आणि गावाला पुरं गाणं ऐकवायचं. काकू बाजारहत्नूरला माहेरी गेल्याचं पाहून तो दिवेलागणीला पंढरीला घेऊन काकांकडे गेला. काका नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी मुकाट्यानं ढोलकी खाली काढली.

"मलेबी सलते ते," ते म्हणाले. "माह्यासाठी थांबला होता तो. अन् मी नवतो."

कापसाच्या खोलीचं कुलूप काढलं तसा सरकीचा उबट वास अंगावर आला. दिवा मिणमिणता होता. ढिगाच्या पायथ्याशी कापूस तीन जागी खोल दबला होता.

"कोन बसलं होतं गा इथं?" पंढरीनं विचारलं.

"मांजर असन," काका म्हणाले. कापूस सकाळीच भरला होता, आणि ते खळगे मांजराचे नव्हते, हे तिघांनाही दिसत होतं.

काका पाटावर बसले. रविकांत दाराशी उभा राहिला. पंढरीनं मोबाईल लावला. भिवाजीचा थकलेला आवाज सुरू झाला आणि रविकांतला पहिल्यांदाच वाटलं, पंढरीचंच खरं असलं तर? भिवाजीनं 'बाबाराव' म्हटलं. क्लॅरनेट वाजली, पण मोबाईलमधून नाही... ढिगाकडून आल्यासारखी, कोंदलेली. ताशाही तिकडूनच वाजला.

काकांची बोटं उचलली गेली. बाप गेल्यावर याच हातांनी रविकांतला घास भरवला होता. गाणं गेलं खड्ड्यात, काका राहिले पाहिजेत.

'खुशाल...'

त्यानं झेप घेतली. काकांचे हात एका हातानं बाजूला लोटले आणि ढोलकी वाजू नये म्हणून दुसरा पंजा तिच्यावर दाबला. घाईत पंजा जोरात पडला. धुम्. एकच ठोका, नेमका तालावर.

मोबाईलमध्ये भिवाजी बारीक हसला. "आला गा..." म्हणाला, आणि शेवटचं कडवं घेतलं.

रविकांतला ते गाणं तोंडपाठ होतं. त्यात हे हसू नव्हतं.

पंढरीनं मोबाईल बंद केला.

"मी नाय वाजवली," काका हळूच म्हणाले.

"माहीत आहे, काका. तुमी नाय वाजवली." काका वाचले, रविकांतनं मनाला बजावलं. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं.

कुलूप लावताना पंढरीनं एकदा आत वाकून पाहिलं. त्याचा हात तसाच कडीवर राहिला.

"मघाशी खळगे तीनच होते ना गा?"

रविकांतनं आत पाहिलं नाही. तो तडक घरी आला. ओसरीवर त्याची बायको चंदा वाट पाहत बसली होती. तो पाठमोरा होऊन चपला काढू लागला तशी ती जवळ आली आणि त्याच्या पँटच्या मागून मूठभर कापूस निपटून काढला. सरकीसकट, दबून पार घट्ट झालेला.

"ढिगावर बसले होते काय?" ती म्हणाली. "काकू पाह्यतीन तर बोलतीन ना. अन् इतका वेळ काऊन बसले?"

त्या खोलीत रविकांत एकदाही बसला नव्हता.