कचरायुक्त प्रभाग

"भाऊ, हे तिन्ही जाहीरनामे तुमच्याच दुकानात छापलेत ना?"

छपाईच्या दुकानातल्या तरुणानं संगणकावरून मान वर केली. ओढणी नाकाशी धरून ती काउंटरपाशी उभी होती. शाळेत मुलांना धाकात ठेवणारा तिचा आवाज आज दुकान डोक्यावर घ्यायच्या बेतात होता.

"हो बाई... काय झालं?"

"तिन्ही उमेदवारांचं एकच वचन. 'कचरायुक्त प्रभाग'!"

त्यानं वाचलं आणि जीभ चावली. 'मुक्त'च्या जागी 'युक्त' पडलं होतं. तिघांपैकी एकाही उमेदवाराच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे पर्यावरणाचं पान तिघांनाही तुम्हीच लिहून दिलंत?"

"एकदाच लिहिलं... आणि तिघांच्या गळ्यात मारलं."

तिला हसू फुटलं, पाठोपाठ खोकला आला. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. बोटाला बोट लागलं — आणि दोघांनीही ते लागलंच नाही असं दाखवलं.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. वस्तीमागचा कचरा डेपो महिनोन्महिने धुमसत होता. घरी आई ऑक्सिजनवर होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धूर थांबत नसेल तर यांना इथून हलवा. पण आई हटून बसली होती. "निवडणूक होऊ दे, कुणीतरी बंद करेल," हे तिचं पालुपद. म्हणून तर लेक तिघांची धोरणं एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडत होती. डेपो खरंच कोण हलवणार हे एकदा कळलं, की तक्ता छापून अख्ख्या वस्तीला वाटायचा होता.

तक्त्याच्या निमित्तानं ती रोज शाळा सुटल्यावर दुकानात येऊ लागली. आणि 'भाऊ' म्हणणं तिनं गुपचूप सोडून दिलं.

"हल्ली मला काहीच म्हणत नाही तुम्ही," तो एकदा म्हणाला.

"मग काय म्हणू?"

"काहीही... 'भाऊ' तेवढं नको."

तिचा चेहरा लाल झाला. तिनं धुराला दोष दिला.

तक्ता तयार झाला त्या दिवशी मात्र तो छापायलाच तयार होईना.

"का? काही चुकलंय?"

"तिघेही काल इथे आले होते. मांडीला मांडी लावून चहा प्यायले. डेपो इथेच ठेवून त्याचं कंत्राट वाढवायचं ठरलंय, बाई... कुणीही निवडून येवो."

तिनं तक्त्याची घडी घातली. "हे मला सांगितलंत असं कळलं, तर तुमचं काम जाईल."

"जाऊ दे. तुम्ही आशेवर बसून राहायच्या आणि तिकडे आईंचं..."

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. आईनं खिडकीबाहेरच्या धुराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मामाला फोन लाव. गाडी घेऊन ये म्हणावं, त्याच्याकडे जाऊन राहू."

ऑक्सिजनचा सिलिंडर जिन्यावरून दुकानातल्या त्या तरुणानंच खाली आणला, गाडीत आईच्या पायांशी नीट टेकवून ठेवला. मामा गाडी सुरू करून थांबला होता.

"परत कधी याल?" तरुणानं तिला हळूच विचारलं.

"आई आहे तोवर... नाही येता यायचं."

त्यानं गाडीचं दार तिच्यासाठी उघडून धरलं. "मग येऊ नका. खूप खूप वर्षं येऊ नका, बाई."

इतके दिवस त्याच्या तोंडून प्रेमाचं जे ऐकायला ती आसुसली होती, ते हेच होतं. तिनं डोळे पुसले, मान हलवली आणि आईशेजारी जाऊन बसली.